गणवेशातल्या बरण्या

मुलुंड पूर्वेच्या आमच्या वसाहतीत अजूनही काही घरं अशी आहेत, जिथे कांदे-बटाटे चपलांच्या रॅकवर राहतात, पातेल्यांची झाकणं ऑफिसातल्या फायलींच्या स्टँडमध्ये उभी असतात आणि पडद्याच्या जुन्या दांडीवर झारे, डाव, चिमटे लटकतात. नवा पाहुणा बुचकळ्यात पडतो. घरचे मात्र सवयीने सांगतात, "बाईंनी करून दिलंय." बाईंनी करून दिलेलं कोणी बदलत नसे. बदललं तर बाईंना कळायचं, आणि कळलं की बाई यायच्या.

बाई घाटकोपरच्या एका मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्या तेव्हा शाळेने त्यांना शाल-श्रीफळ दिलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला असावा. शाळेची सुटका झाली ती आमच्या जिवावर. वर्ग गेला, फळा गेला, पण शिकवण्याची खोड जाईना, म्हणून बाईंनी शेजाऱ्यापाजाऱ्यांची स्वयंपाकघरं सुधारायला घेतली. कमी खर्चात, असलेल्या वस्तूंत आणि सुताराला उंबरठा ओलांडू न देता. मोबदला घ्यायच्या नाहीत, त्यामुळे परवडत नाही असं सांगून टाळण्याचीही सोय नव्हती.

स्वतः बाईंना स्वयंपाक येत नसे. एकट्या राहायच्या. कुकरात डाळ, भात आणि एक बटाटा लावायचा, तिन्ही एकत्र कालवायचे आणि उभ्याउभ्याच जेवायचं, हा त्यांचा बारा महिन्यांचा बेत. कोणी खोचकपणे विचारलंच तर म्हणायच्या, "मी स्वयंपाक शिकवलाच नाही कधी. मी स्वयंपाकघर शिकवलं."

त्यांची पद्धत ठरलेली होती. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात खडू, मोजपट्टी, सुतळी आणि लोखंडी आकडे. हातात एक घडीचं स्टूल. स्वयंपाकघराच्या दारात स्टूल मांडायचं, बसायचं आणि घरच्या बाईला सांगायचं, "एक चहा करा." मग चहा होईपर्यंत तोंडातून अवाक्षर नाही. बिचारी गृहिणी परीक्षेला बसल्यासारखी आधणाच्या भांड्यासाठी खाली वाकणार, चहाच्या डब्यासाठी टाचा उंचावणार, गाळणं शोधत बेसिनपर्यंत जाऊन येणार. चहा समोर आला की बाई म्हणायच्या, "तुम्ही चहा करत नाही. तुम्ही प्रवास करता."

मग खडूने ओट्यावर रेघा मारल्या जायच्या. रोजचं हाताशी, आठवड्याचं खांद्याशी, सणाचं माळ्यावर. आणि माळ्यावरचं आधी खाली, बघायला. आमच्या वरच्या मजल्यावरच्या शहाबेनच्या माळ्यावर कागदात गुंडाळलेला अख्खा डिनर सेट निघाला. बाईंनी तो तिथल्या तिथे धुऊन टेबलावर मांडला. शहाबेन रडायच्या बेतात आल्या. "बाई, वो बेटी की शादी के लिए रखा है." बाईंनी शांतपणे विचारलं, "बेटी कितवीत आहे?" बेटी तिसरीत होती. त्या रात्री शहांकडे खिचडी सोनेरी काठाच्या ताटांतून खाल्ली गेली आणि शहाभाईंना ती म्हणे पहिल्यांदाच आवडली.

चपलांच्या रॅकवरून तर वसाहतीत दोन तट पडले. कांदे चपलांच्या रॅकवर ठेवायचे म्हणजे अन्नाचा अपमान, असं जुन्या मंडळींचं म्हणणं. "रॅक दुकानातून थेट इथे आलं आहे," बाई म्हणायच्या, "त्याने अजून चप्पल पाहिलेली नाही. तुम्ही सांगू नका, म्हणजे झालं." एकदा एका घरी त्यांची गाठ वास्तुतज्ज्ञाशी पडली. गॅसचं तोंड पूर्वेलाच हवं, यावर तो हटून बसला. बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि बाईची पाठ कुठल्या दिशेला दुखते?" तज्ज्ञ चहा न घेताच गेला.

पण बाईंचा खरा वैरी म्हणजे विजोड डबा. कुठल्याशा बिस्किटांचा पत्र्याचा डबा, लग्नात आलेला स्टीलचा, लोणच्याची रिकामी बरणी, झाकण एकाचं आणि डबा दुसऱ्याचा, असं एका फळीवर दिसलं की बाईंचा चेहरा आंबायचा. "हा काय वर्ग आहे?" त्या म्हणायच्या. "कोणाला गणवेश नाही, कोणाला नाव नाही." यावर त्यांनी बिनखर्चाचा इलाज काढला होता. स्टेशनजवळच्या फरसाणवाल्याकडून त्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बरण्या आणायच्या, सगळ्या एका मापाच्या, लाल झाकणांच्या आणि पारदर्शक. गरम पाण्याने धुवायच्या, वर पांढरी पट्टी चिकटवायची आणि गोल, मोत्यासारख्या शाळेतल्या अक्षरांत लिहायचं: साखर, मीठ, रवा, पोहे. शिवाय प्रत्येक बरणीत एकेक चमचा, म्हणजे कोणी हात घालायला नको. फळी खरोखर प्रार्थनेला उभ्या केलेल्या वर्गासारखी दिसायची. पोह्यांना मात्र पुढे कितीतरी दिवस चकलीचा वास यायचा.

आमच्या घरात बाई आल्या त्या माझ्या बायकोच्या आमंत्रणावरून. आमचं स्वयंपाकघर म्हणजे माझ्या आईचं संस्थान. वडील गिरणीत होते तेव्हापासून, लालबागच्या खोलीतून मुलुंडच्या फ्लॅटपर्यंत आईने तीच मांडणी जशीच्या तशी आणली होती. मीठ चिनी मातीच्या बरणीत, खिडकीजवळ. साखर पोचा आलेल्या स्टीलच्या डब्यात, त्याच्या खाली. रव्याच्या डब्याला रबर, डाळीच्या डब्याचं झाकण सैल, चहा देवाचं चित्र झिजून गेलेल्या पत्र्याच्या डब्यात. कशावर काही लिहिलेलं नाही. बायको सकाळी डबा करून विम्याच्या ऑफिसला पळायची आणि रोज काहीतरी शोधताना तिची बस चुकायची. "या घरात मीठ सापडायला ओळख लागते," ती म्हणायची. आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मी दोघींकडे बघून मान हलवायचो. लग्नापासून माझं तेवढंच काम होतं.

मॉड्युलर किचनवाल्याने खर्चाचा अंदाज सांगितला तेव्हा मी त्याला पाणी दिलं आणि स्वतःही प्यायलो. मग बाई आल्या. रविवार होता. आई हॉलमध्ये सोफ्यावर बसून राहिली. बायकोने विचारलं, "आई, चालेल ना?"

"करा काय ता. माझा काय?" आई म्हणाली. आई कुडाळकडची, रागात किंवा दुःखात असली की तिचं मालवणी वर येतं. थोड्या वेळाने तिने एवढंच सांगितलं, "ती मिठाची बरणी तेवढी रवांदे."

"गणवेश म्हणजे गणवेश," बाई आतून म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघर ओळखू येईना, इतकं छान झालं होतं. माझ्या कॉलेजच्या पुस्तकांचं कपाट आता भांड्यांचं झालं होतं, बायको ओट्याशी उभी राहून नुसता हात लांबवून मीठ घेत होती आणि पुन्हापुन्हा घेत होती. जुने डबे मी भंगारवाल्याला देऊन आलो. आईने फळीकडे तोंड करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बरा दिसता."

पुढच्या दिवसांत आईचं वागणं बिघडलं. चहाला वेळ लागायला लागला. ओट्याशी उभी राहून हाक मारायची, "जरा साखर दे गो." साखर नाकासमोर असायची, त्यावर साखर असं लिहिलेलं असायचं. बायको ती उचलून देई आणि रात्री मला सांगे, "नखरे आहेत. माझ्या मनासारखं झालं ना, म्हणून." मला ते पटलं. सुनेच्या मनासारखं झाल्यावर सासूने काय करायचं असतं, याबद्दल आमच्या नात्यात पुष्कळ अनुभव आहे.

मग बाबांचं श्राद्ध आलं. चेंबूरहून माझी ताई आली, काका-काकू आले. खीर, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, सगळं आईनेच केलं. आमच्याकडे त्या दिवशीचं अन्न करताना चाखत नाहीत. वाडी, म्हणजे पितरांचं पान, गच्चीवर ठेवल्याशिवाय कोणी जिभेला काही लावायचं नाही. मीठ-साखर हाताच्या अंदाजाने, आणि आईच्या हाताच्या अंदाजाला कोणी कधी नाव ठेवलं नव्हतं. मी गच्चीवर पान ठेवलं. कावळा लगेच आला, त्याने खिरीत चोच घातली, मान जोरात झटकली आणि उडून गेला. काकांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "दादाची काहीतरी इच्छा राहिलीय." सगळे गंभीर झाले. बाबांची इच्छा काय असावी यावर जिना उतरेपर्यंत चर्चा झाली. जेवायला बसल्यावर खिरीचा पहिला घास घेतला आणि कावळ्याचं म्हणणं सगळ्यांना कळलं. खिरीत साखरेच्या जागी मीठ होतं, आणि ते आईने नेहमीप्रमाणे सढळ हाताने घातलं होतं.

आई उठली. सगळ्यांच्या वाट्या गोळा केल्या आणि आत नेल्या. बाहेर काका हलक्या आवाजात म्हणाले, "वहिनींचं वय झालं रे." काका स्वतः तिच्याहून मोठे. बायको माझ्या कानाशी म्हणाली, "मुद्दाम केलं. बाबांच्या श्राद्धाला सुद्धा." ताईने मात्र सरळ निर्णयच दिला. "आईने आयुष्यभर रांधलं, आता पुरे. तिला आराम द्या. स्वयंपाकाला बाई ठेवा, मी बघते कोणीतरी." सगळ्यांनी माना डोलावल्या. आईला आराम द्यायचा, याइतकं चांगलं आणि सोपं काय असणार? आतून नळाचा आवाज येत होता. आई वाट्या घासत होती, आणि पुष्कळ वेळ घासत होती.

दुसऱ्या दिवशी बाई पाहणीला आल्या. कामानंतर काही दिवसांनी येऊन पुन्हा एक चहा करायला लावायचा, हा त्यांचा नेम. बायकोने खिरीची हकिकत सांगितली. बाईंना ती वैयक्तिक अपमानासारखी लागली. "एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलंय," त्या म्हणाल्या, "दुकानाच्या पाटीसारखं." स्टूल मांडलं, बसल्या आणि आईला म्हणाल्या, "एक चहा करा."

आई ओट्याशी गेली. तिचा हात आधी खिडकीच्या बाजूला गेला, तिथे काही नव्हतं, मग परत आला. बोटं लाल झाकणांवरून सरकत गेली, एका झाकणावरून दुसऱ्यावर, आणि सगळी झाकणं सारखीच होती. तिने एक बरणी उघडून नाकाशी धरली आणि ठेवली. दुसरी उघडली. चहापत्ती सापडली. पुढची बरणी नाकाशी धरली, तर तिला वासच नव्हता. तेव्हा आईने आमच्याकडे पाठ केली, चमच्याला बोट लावलं आणि पटकन जिभेला लावलं.

बाई उठल्या. मला आणि बायकोला म्हणाल्या, "बाहेर जा." आणि दार लावून घेतलं.

बायको दाराला कान लावून उभी राहिली. मी सभ्य माणूस, मी टीव्ही बंद करून लांबून ऐकलं.

"कधीपासून?" बाईंचा आवाज.

"काय कधीपासून?"

"मी तुमच्यापेक्षा लहान असले तरी मास्तरीण आहे. मुली मान फिरवून काय करतात ते मला कळतं. कधीपासून दिसत नाही?"

ओट्यावर बरणी टेकल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "हे होते तेव्हाच सुरू झाला. काचबिंदू. कडेचा दिसणा नाय. मधला दिसता, पण धुक्यातला. गेला ता परत येवचा नाय, म्हणालो डॉक्टर."

"घरी का नाही सांगितलंत?"

"सांगितला तर ओटो जातलो, बाई. ओटो गेलो की मी सोफ्यावर. सोफ्यावरच्या माणसाक कोण काय विचारता? मग खाटेवर." आणि मग, "माझ्या डब्यांत माका सगळा दिसत होता."

बायको दारापासून बाजूला झाली आणि गॅलरीत जाऊन रडली. मीही रडलो असतो, पण मला आठवत होतं की आईने हल्ली मालिका बघणं सोडलं होतं आणि मी चार लोकांत तिच्या आवडीनिवडीचं कौतुक करत फिरलो होतो. संध्याकाळी ती भाजीला खाली उतरत नसे, तेव्हा आम्ही तिच्या गुडघ्यांना तेल आणून दिलं होतं. एका घरात राहून माणसं एकमेकांकडे किती कमी बघतात, याचा मला त्या दिवशी संताप आला.

दार उघडलं तेव्हा बाईंच्या हातात सोलून काढलेल्या पांढऱ्या पट्ट्यांचा बोळा होता. "यांचे जुने डबे कुठे आहेत?"

"भंगारात."

"कोणी दिले?"

"तुम्हीच द्यायला सांगितलं होतंत, बाई."

बाईंनी बोळा पिशवीत कोंबला आणि त्या तडक निघाल्या.

त्यानंतर वसाहतीने एक तमाशा पाहिला. बाई पिशवी घेऊन घरोघर बेल वाजवत फिरायला लागल्या. विजोड डबा आहे का? पोचा आलेला असेल तर उत्तम. चिनी मातीची बरणी? लोकांना उकळ्या फुटल्या. "बाई, तुम्हीच टाकायला लावलेत ना सगळे?" असं प्रत्येक दारात ऐकवलं गेलं. एक जण तर म्हणाला, "काय बाई, गणवेश बंद?" बाई मान ताठ ठेवून एकच उत्तर द्यायच्या, "संशोधन चालू आहे." आईच्या डोळ्यांबद्दल त्यांनी कोणालाही अक्षर सांगितलं नाही. शहाबेनने नक्षी उठलेला बिस्किटांचा डबा दिला, कोणी कडीचा पितळी दिला, कोणी मुलाच्या बारशाचा. चिनी मातीची बरणी मात्र बाईंनी स्वतःच्या घरून आणली. ती त्यांच्या आईची होती, हे मला फार नंतर कळलं.

मग पुन्हा मांडणी सुरू झाली. या वेळी बाई स्टुलावर आणि आई ओट्याशी. बाईंनी ओट्याच्या कडेला सुतळी चिकटवली, गॅसच्या बटणांना हाताला खूण म्हणून तिच्याच गाठी मारल्या, ते आईने चालवून घेतलं. पण रवा कुठे ठेवावा यावर बाई बोलू लागल्या तेव्हा आई म्हणाली, "बाई, तुमी बसा. किचन माझा आसा." बाई बसल्या. बायको रजा काढून आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. आहे तेवढं टिकवायचं, थेंब चुकवायचे नाहीत, असं ठरलं.

ताईला हे कळलं तेव्हा ती आणखीच घाबरली, आणि तिचं चुकत होतं असंही नाही. "दिसत नाही आणि गॅसजवळ उभी करताय तिला? वेड लागलंय का तुम्हाला?" फोनवर ती रडत होती. "आईचा पदर पेटला ना, तर मी तुला माफ नाही करणार." मी तिला "बघू" म्हणालो. ओटा सोडणार नाही म्हणणाऱ्या आईलाही "बघू" म्हणालो होतो. तेव्हा ताईनेच बघितलं, आणि पुढच्या रविवारी सकाळी आमची बेल वाजली.

बायकोने दार उघडलं. दारात नीटनेटकी, चाळिशीची बाई, हातात छत्री. "चेंबूरच्या ताईंनी पाठवलं. जेवणाला बाई पाहिजे ना?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. आत स्वयंपाकघरात डब्यांचा आवाज थांबला होता.

त्या दिवशीही पाहणीला आलेल्या आमच्या बाई स्वयंपाकघराच्या दारातल्या स्टुलावरून न उठता म्हणाल्या, "जागा भरलेली आहे."

"हो," बायको म्हणाली. आधी हळू, मग मोठ्याने. "भरलेली आहे. आमच्याकडे आहेत ना करणाऱ्या. ताईंना मी फोन करते."

"कोण गो?" आईने आतून विचारलं.

"कोणी नाही, आई. चुकून आल्यात."

आत एक डबा फळीवर सरकला. मग आईचा आवाज आला, अगदी नेहमीचा. "चुकान इली म्हणून काय झाला? चेंबुरासून इली ना? बसव तिका. चाय टाकतंय."

चेंबूरचं नाव तिने बरोबर ऐकलं होतं. बायको हसली आणि त्या बाईला सोफ्यावर बसवलं. आम्ही दोघं स्वयंपाकघराच्या दारात, बाईंच्या स्टुलामागे उभे राहिलो. आईने सुतळीवरून हात नेत पातेलं घेतलं, नक्षीच्या डब्यावर बोटं टेकवली, तो बाजूला केला, पितळी उघडला. पदर खोचलेला होता. लायटर एकदाच वाजला. बाईंचे दोन्ही हात मांडीवर एकमेकांना घट्ट धरून बसले होते. मदत न करण्याचे असे कष्ट मी त्यांना कधी घेताना पाहिलं नव्हतं.

आईने कप स्वतः हॉलमध्ये नेला, भिंतीला एक हात लावून, आणि सोफ्यासमोर उभी राहिली. ती बाई चहा प्यायली, "मस्त झालाय, मावशी," म्हणाली आणि छत्री घेऊन गेली. पातेल्यात उरलेला चहा मी प्यायलो, तो मला जरा गोड लागला. पण परक्या माणसाला आई साखर नेहमीच जास्त घालते.